सायकॉलॉजी प्रोजेक्टसाठी एथिक्स अप्रूव्हल : कोणाला लागतं, कागद कोणते आणि अर्ज कुठे अडकतो

एथिक्स अप्रूव्हल म्हणजे अभ्यासात भाग घेणाऱ्या माणसांना त्रास होणार नाही ना, हे तपासून संस्थेच्या एथिक्स कमिटीने दिलेली मंजुरी. डिझर्टेशनचा विषय ठरला की बहुतेक जण आधी गूगल फॉर्म बनवतात, व्हॉट्सॲपवर फिरवतात, शंभरेक उत्तरं जमवतात आणि मग गाइडला विचारतात की तो एथिक्सचा फॉर्म कधी भरायचा. तोपर्यंत गाडी सुटलेली असते, कारण मागच्या तारखेचं अप्रूव्हल कोणीच देत नाही. आधी मंजुरी, मग डेटा. आधी गोळा केलेला डेटा सहसा वापरता येत नाही, आणि पुढे पेपर छापायचा म्हटलं तर जर्नलवाले कमिटीचं नाव आणि अप्रूव्हल नंबर मागतातच.

हे एवढं कडक का, तर आपल्याच विषयाचा इतिहास तसा आहे. स्टॅनली मिलग्राम या मानसशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये येल युनिव्हर्सिटीत साध्या माणसांना वाटायला लावलं की ते समोरच्याला ४५० व्होल्टपर्यंत शॉक देतायत, शॉक खोटे होते पण त्यांना फुटलेला घाम खरा होता. १९७१ मध्ये स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीत प्रयोग म्हणून उभारलेला नकली तुरुंग दोन आठवडे चालायचा होता, तो सहा दिवसांत गुंडाळावा लागला. अमेरिकेत टस्कीगीला तर १९३२ ते १९७२ अशी ४० वर्षं सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय माणसांना औषध न देता सरकारी आरोग्य खात्याचे डॉक्टर नुसतं बघत बसले होते, ते उघड झाल्यावर माणसांवरच्या संशोधनाच्या नैतिकतेबद्दलचा १९७९ चा बेलमाँट रिपोर्ट आला. माणसाच्या निर्णयाचा मान ठेवा, त्याचं भलं बघा, ओझं आणि फायदा न्यायाने वाटा, ही त्यातली तीन तत्त्वं. कमिटीचे बरेचसे प्रश्न फिरून याच तिघांवर येतात, कमिटीचं नाव कुठे आयआरबी (इन्स्टिट्यूशनल रिव्ह्यू बोर्ड) असो, कुठे आरईसी (रिसर्च एथिक्स कमिटी).

अर्ज कोणी करायचा

जिवंत माणसाकडून काहीही नवीन गोळा करताय, सर्व्हे, मुलाखत, रिॲक्शन टाइमचा टास्क, अगदी लायब्ररीत लपून कोण कुठे बसतं याची नोंद, तर आधी विचारायचं. स्टुडंटचा अर्ज सहसा गाइडच्या सहीशिवाय पुढे सरकत नाही, बऱ्याच ठिकाणी मुख्य जबाबदार म्हणून नावही गाइडचंच जातं, आणि रिसर्च एथिक्सचा छोटा ऑनलाइन कोर्स केल्याचं सर्टिफिकेट लागतं. आधीच पब्लिक असलेला आणि ओळख पुसलेला डेटासेट वापरत असाल तर सूट मिळू शकते, पण सूट आहे हेसुद्धा कमिटीच ठरवते, तुम्ही नाही.

रिव्ह्यू साधारण तीन प्रकारचे असतात, सूट, झटपट आणि फुल कमिटी. निनावी आणि निरुपद्रवी सर्व्हे लवकर सुटतो. लहान मुलं, कैदी, पेशंट, फसवणूक असलेला (म्हणजे खरा हेतू आधी न सांगता केलेला) प्रयोग, ट्रॉमा किंवा आत्महत्येचे प्रश्न यातलं काही आलं की बहुधा फुल कमिटी, आणि तिची मीटिंग ठरलेल्या तारखांनाच होते. आधी त्या तारखा बघा आणि मग टाइमटेबल आखा, उलटं नको.

कागदपत्रं

प्रपोजल, म्हणजे नेमका प्रश्न काय, किती लोक लागणार आणि तेवढेच का. इन्फॉर्मेशन शीट, म्हणजे भाग घेणाऱ्याला अभ्यासाची माहिती देणारा कागद, आणि कन्सेंट फॉर्म, म्हणजे त्याच्या संमतीचा. शेवटी द्यायची डिब्रीफिंग शीट, म्हणजे अभ्यास नेमका कशाबद्दल होता ते सांगणारा कागद. सगळ्या प्रश्नावल्या जशा वापरणार तशा पूर्ण, "नंतर जोडतो" चालत नाही. पोस्टर किंवा मेसेजचा मजकूर. शाळेत किंवा हॉस्पिटलमध्ये जाणार असाल तर तिथल्या प्रमुखाचं परवानगीपत्र. डेटा कुठे ठेवणार, कोण बघणार, कधी पुसणार याचा प्लॅन. पार्टिसिपंटची भाषा वेगळी असेल तर सगळ्याचं भाषांतर. आणि टेस्टची परवानगी, हे लोक हमखास विसरतात. पीएचक्यू-९ ही डिप्रेशन मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली फुकट वापरता येते, पण बेक डिप्रेशन इन्व्हेंटरी कॉपीराइटखाली आहे, नेटवर पीडीएफ सापडली म्हणून ती आपली होत नाही.

मुलांच्या बाबतीत पालकांची सही पुरत नाही, मुलाला त्याच्या भाषेत समजावून त्याचा होकारही घ्यायचा, आणि पालक हो म्हणाले पण मूल नाही म्हणालं तर ते नाहीच.

अर्ज अडकतो कुठे

माझा अर्ज दोनदा परत आला होता. पहिल्यांदा मी ऐटीत लिहिलं होतं "या अभ्यासात कोणताही धोका नाही", आणि सोबत पीएचक्यू-९ जोडलेली. तिचा नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. कमिटीने एवढंच विचारलं, रात्री दोन वाजता कोणी तिथे "जवळपास रोज" वर टिक केली तर तुम्ही काय करणार? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग एकतर तो प्रश्न नसलेली पीएचक्यू-८ वापरायची, नाहीतर हेल्पलाइन स्क्रीनवर द्यायची आणि कोण कधी संपर्क करणार ते लिहायचं. निनावी फॉर्म असेल तर संपर्क करताच येत नाही, हे आधीच शीटवर सांगायचं.

दुसऱ्यांदा अडकलं ते निनावी आणि गोपनीय या दोन शब्दांवर, मी दोन्ही एकच समजून चाललो होतो. निनावी म्हणजे मलाही कळत नाही कोणी लिहिलं, गोपनीय म्हणजे मला कळतं पण मी सांगत नाही. मुलाखत कधीच निनावी नसते. आणि तीस जणांच्या वर्गात वय, जेंडर आणि स्पेशलायझेशन विचारलंत की नाव न विचारताही माणूस सापडतो.

"कधीही माघार घेऊ शकता" हेही डोळे मिटून लिहू नका, निनावी फॉर्म सबमिट झाल्यावर कोणाचा डेटा काढणार? सबमिट करेपर्यंत, असं लिहा. फसवणूक असेल तर ती का गरजेची आहे आणि खरं कधी सांगणार ते हवं. भाग घेतल्याबद्दल मार्क किंवा क्रेडिट देणार असाल तर ज्याला भाग घ्यायचा नाही त्याच्यासाठी तेवढ्याच मेहनतीचं दुसरं काम ठेवावं लागतं, नाहीतर ती जबरदस्तीच झाली.

माझं मत विचाराल तर प्रपोजलपेक्षा इन्फॉर्मेशन शीटवर जास्त वेळ घालवा. ती विषय न शिकलेल्या कोणाला तरी वाचायला द्या आणि मग विचारा, तुला काय करायला लागणार आहे? त्याला सांगता आलं नाही तर परत लिहा.

मंजुरी आल्यावर

एक प्रश्न जरी बदलला, नवा ग्रुप घेतला किंवा प्रत्यक्षचं ऑनलाइन केलं तरी आधी अमेंडमेंटचा, म्हणजे बदलाची परवानगी मागणारा, फॉर्म, आणि त्याला होकार आल्यावरच बदल. कोणाला त्रास झाला, रडू आलं, तक्रार आली तर गाइडला आणि कमिटीला लगेच कळवायचं. मंजुरीला मुदत असेल तर ती संपायच्या आत वाढवून घ्या, आणि काम झालं की कमिटीला क्लोजर रिपोर्ट (अभ्यास संपल्याचा अहवाल) पाठवून सही केलेले कन्सेंट फॉर्म डेटापासून वेगळ्या ठिकाणी कुलुपात ठेवा.