धावण्याच्या वेगासाठी ताकदीचे व्यायाम

धावताना पाऊल जमिनीला टेकते तेवढ्या अल्प काळात अधिक बल लावता यावे, यासाठी वजने, उड्या आणि चढ यांच्या साहाय्याने केलेला पूरक सराव. १०० मीटरच्या शर्यतीपासून मॅरेथॉनपर्यंत सर्व अंतरांचे धावपटू तो करतात. त्याचा हेतू शरीरसौष्ठवाचा नाही. स्नायू किती फुगले यापेक्षा ते किती लवकर ओढ घेतात, हे येथे महत्त्वाचे.

पावलाची लांबी आणि सेकंदाला पडणारी पावले यांचा गुणाकार म्हणजे वेग. वेगवान माणूस पाय भराभर हलवतो असे बघणाऱ्याला वाटते, पण खरा फरक जमिनीवर पडतो. संशोधक पीटर वेयंड आणि सहकाऱ्यांनी ३३ धावपटूंना ट्रेडमिलवर पळवून केलेला अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. सर्वोच्च वेगाला हवेतला पाय पुढे आणायला संथ आणि वेगवान धावपटूंना जवळजवळ सारखाच वेळ लागतो, असे त्यात दिसले. मात्र सेकंदाला ११.१ मीटर गाठणारा धावपटू ६.२ मीटर गाठणाऱ्याच्या मानाने, शरीराच्या वजनाच्या हिशेबात, १.२६ पट बल जमिनीवर लावतो. उसेन बोल्टने २००९ मध्ये बर्लिनला १०० मीटर ९.५८ सेकंदांत पार केले ते सुमारे ४१ पावलांत, म्हणजे सरासरी २.४४ मीटरचे एक पाऊल. १.९५ मीटर उंचीचा फायदा त्याला होताच, पण एवढे शरीर प्रत्येक पावलाला पुढे भिरकावायला तितका जोरही हवा.

अडचण वेळेची आहे. पूर्ण वेगात पाऊल जमिनीवर सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी काळ टिकते, तर स्नायूला आपले कमाल बल उभे करायला साधारण ०.३ सेकंद किंवा अधिक लागतात. म्हणून केवळ ‘किती किलो उचलतो’ हा प्रश्न अपुरा ठरतो आणि प्रशिक्षणाला दोन अंगे येतात.

पहिले अंग जड वजनांचे. स्क्वॉट (वजन घेऊन बैठक), डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणे), लंज (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणे) आणि पोटऱ्यांसाठी काफ रेझ (टाचा उचलणे) हे त्यातले मुख्य व्यायाम. एका सेटमध्ये, म्हणजे सलग फेरीत, ३ ते ६ रेप (आवर्तने) आणि मध्ये दोन-तीन मिनिटांची पुरेशी विश्रांती, असा साधारण बेत असतो. सुरुवातीच्या आठवड्यांत वाढणारी ताकद मुख्यतः मज्जासंस्थेतून येते. मेंदू अधिक स्नायुतंतू एकाच वेळी कामाला लावायला शिकतो, त्यामुळे शरीराचे वजन फारसे न वाढता जोर वाढतो. हलके डंबेल घेऊन तीस-चाळीस रेप काढण्याची पद्धत जिममध्ये सर्रास दिसते, पण तिने धावपटूला फारसे मिळत नाही, कारण तसला दम तो धावण्यातूनच कमावत असतो. तालमीतल्या शेकडो बैठकांनाही हेच लागू पडते. काटकपणासाठी त्या उत्तम, पण कमाल बलासाठी भार वाढवावाच लागतो.

दुसरे अंग उड्यांचे, म्हणजे प्लायोमेट्रिक्सचे. सोव्हिएत प्रशिक्षक युरी वेर्खोशान्स्की यांनी १९६०च्या दशकात उंचावरून खाली उतरून लगेच वर झेपावण्याचा व्यायाम पद्धतशीरपणे मांडला. अशा उड्यांत घोट्यामागची जाड अकिलिस कंडरा (पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारा चिवट पट्टा) क्षणभर ताणली जाते आणि साठलेली ऊर्जा परत देते. धावताना हेच घडत असते. नवख्याने मात्र दोरीवरच्या आणि जागच्या छोट्या उड्यांनीच सुरुवात करावी, कारण कंडरा स्नायूपेक्षा सावकाश तयार होते.

लांब पल्ल्याच्या धावपटूंना वजनांची दीर्घकाळ धास्ती होती. अपवाद होते. ऑस्ट्रेलियाचे प्रशिक्षक पर्सी सेरुटी यांनी हर्ब एलियटकडून पोर्टसीच्या वाळूच्या टेकड्या चढवून घेतल्या आणि वजनेही उचलून घेतली. एलियटने १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये १५०० मीटर ३ मिनिटे ३५.६ सेकंदांत, जागतिक विक्रमासह जिंकले. ठोस पुरावा पुढे आला तो १९९९ मध्ये, लीना पावोलाइनेन आणि सहकाऱ्यांच्या फिनलंडमधील अभ्यासातून. धावपटूंच्या एका गटाने एकूण सरावाचे तास तेवढेच ठेवून त्यातला सुमारे एक तृतीयांश वेळ ९ आठवडे स्फोटक ताकदीच्या व्यायामांना दिला. त्यांची ५ किलोमीटरची वेळ सुधारली, पण प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता होती तेवढीच राहिली. म्हणजे फायदा फुप्फुसांतून आला नव्हता. त्याच वेगाला कमी ऊर्जा लागू लागली होती. नॉर्वेत २००८ मध्ये ८ आठवडे, आठवड्यातून तीनदा, ४ रेपचे ४ सेट जड हाफ स्क्वॉट (अर्ध्या बैठका) करणाऱ्या धावपटूंमध्येही ही काटकसर सुमारे ५ टक्क्यांनी सुधारली. अंतर वाढवत राहण्यापलीकडे वेगाचा विचार न करणाऱ्या हौशी धावपटूंनी हे दोन निष्कर्ष जरूर ध्यानात घ्यावेत.

आठवड्यातून दोन सत्रे बहुतेकांना पुरतात. ती कठीण धावेच्या दिवशीच, धावून झाल्यावर काही तासांनी ठेवली, तर हलके दिवस खरोखर हलके राहतात. स्पर्धेच्या हंगामात एका सत्रावर कमावलेली ताकद बऱ्याच अंशी टिकते. पूर्ण थांबवल्यास काही आठवड्यांत ओसरू लागते. मांडीमागच्या हॅमस्ट्रिंग स्नायूंकडे वेगळे लक्ष हवे. वेगात पुढे आलेला पाय जमिनीला टेकण्याच्या किंचित आधी तेच सर्वाधिक ताणले जातात आणि दुखापत बहुधा तेव्हाच होते. गुडघ्यांवर बसून, घोटे धरून ठेवलेल्या स्थितीत शरीर सावकाश पुढे झुकवण्याचा नॉर्डिक व्यायाम नियमित केल्यास या दुखापती जवळपास निम्म्याने घटतात, असे फुटबॉलपटूंवरील अभ्यासांत आढळले आहे.