विजेवरची गाडी घेतली, मग मेट्रो कशाला?

नागपुरात हल्ली हा प्रश्न सर्रास कानावर येतो. मेट्रो विजेवर धावते, आपली ई-स्कूटर किंवा ई-कारही विजेवरच. धूर कुणाचाच नाही. मग दारातली गाडी सोडून स्टेशनपर्यंत पायपीट कशाला? वरवर दोन्ही सारखंच वाटतं, पण यांची कामं वेगळी आहेत. विजेवरच्या गाडीने इंधन बदलतं. बस-मेट्रोने रस्त्यावरची गर्दी हटते.

आधी धुराचं बघू. ई-गाडीला सायलेन्सर नाही, त्यामुळे सिग्नलवर मागच्या स्कूटरवाल्याच्या नाकातोंडात धूर जात नाही. हा फायदा खरा आहे आणि मी तो कमी लेखणार नाही. पण ती वीज येते कुठून? कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक केंद्रं शहराच्या उशाशीच आहेत आणि ती कोळशावर चालतात. मेट्रोलाही ग्रिडचीच वीज लागते, तेव्हा हिशेब दरडोई करावा लागतो. ई-कारमध्ये बहुतेक वेळा एका माणसासाठी टन-दीड टनाचं धूड हलवलं जातं. मेट्रोत तेच काम शेकडो जणांत वाटलं जातं, शिवाय रुळावर पोलादी चाकांना टायरपेक्षा कितीतरी कमी घर्षण होतं. रिकाम्या मेट्रोला मात्र हा हिशेब लागू नाही. मेट्रो भरून धावली तरच तिचा खरा फायदा, आणि ती भरणं आपल्याच हातात आहे.

खरा फरक जागेचा आहे. संध्याकाळी व्हेरायटी चौकात उभं राहून गाड्यांच्या आत नजर टाका. कारमागून कार, आणि बहुतेकींत एकटा चालक. बारा मीटरची बस साधारण तीन कारची जागा घेते आणि त्यात चाळीसच्या आसपास माणसं नुसती बसून जातात. त्या तीन कारमध्ये किती असतात? चार, फार तर पाच. उद्या या सगळ्या कार विजेवरच्या झाल्या तर चौकातली हवा सुधारेल, कोंडी मात्र तशीच राहील. टायर आणि ब्रेकची बारीक धूळही थोडीफार उडतच राहील.

पार्किंगचंही तेच. इतवारी, महालातले रस्ते कार येण्याच्या कितीतरी आधीचे. तिथे पेट्रोलची कार जेवढी जागा अडवते तेवढीच विजेचीही अडवते. दिवसभर उन्हात उभी राहिली तर बॅटरीलाही ते मानवत नाही.

पैशांचं थोडक्यात सांगतो. ई-गाडीचा किलोमीटरमागचा खर्च कमी, हे खरं. पण तिकिटाची तुलना नुसत्या चार्जिंगशी करू नका. गाडीची किंमत, हप्ता, विमा आणि पुढेमागे बॅटरी हेही त्यात धरा.

स्वतःची गाडी लागतेच असेही प्रसंग असतात. रात्री-अपरात्री दवाखाना, सोबत म्हातारं माणूस, किंवा मेट्रोपासून लांबची वस्ती. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा 45 च्या आसपास असताना भर दुपारी स्टेशनपर्यंत एक किलोमीटर चाला, असं मी कुणाला सांगणार नाही. म्हणूनच स्टेशनला जोडणाऱ्या बसेस वाढल्या पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं.

तोवर दोन्हींची जोडी जमते. ई-स्कूटर घरून स्टेशनपर्यंत आणा आणि पुढे मेट्रो पकडा. लोकमान्य नगर ते प्रजापती नगर आणि खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक असे दोन मार्ग आहेत. डिसेंबर 2022 पासून ते पूर्ण सुरू आहेत आणि सीताबर्डीला एकमेकांना मिळतात. हिंगणा एमआयडीसीतून सुटून अजनीला जायचं असेल तर लोकमान्य नगरला चढा. सीताबर्डीला बाहेर पडायची गरज नाही, स्टेशनच्या आतच मजला बदलून खापरीकडची गाडी पकडा.