चांगली तूर परदेशात जाते म्हणून डाळ महाग? खुलासा

तूरडाळ कडाडली की वाशीपासून ऐरोलीपर्यंत एकच वाक्य ऐकू येतं: ‘चांगला माल सगळा न्हावाशेव्यातून परदेशी जातो, आपल्या वाट्याला उरलंसुरलं.’ बासमतीबद्दल निदान वाद तरी घालता येईल. तुरीच्या बाबतीत मात्र उलटी गंगा आहे.

जगात सर्वाधिक डाळी पिकवणारा, खाणारा आणि आयात करणाराही देश भारतच. 2006 ते 2017 या काळात तर काबुली चण्यासारखे अपवाद सोडता डाळींची निर्यात बंदच होती. त्याच काळात, 2015 मध्ये, तूरडाळ किलोला 200 रुपयांच्या घरात गेली. हे कुणाला आठवत नाही!

वाशीच्या दाणाबंदरात, म्हणजे घाऊक धान्यबाजारात, देशी तुरीबरोबर म्यानमार, मोझांबिक, टांझानियाचा माल विकला जातो. म्यानमारच्या ‘लेमन’ तुरीचा भाव डॉलरमध्ये, टनावर बोलला जातो. समजा तो 800 डॉलर आणि डॉलर 85 रुपये. म्हणजे बंदरातच तूर 68 रुपये किलो. किलोभर तुरीतून डाळ निघते साधारण 700 ग्रॅम, म्हणजे डाळ पडली 97 रुपयांना. चुनीचे, म्हणजे भरडताना उरणाऱ्या चुऱ्या-टरफलांचे, थोडे पैसे सुटतात. पण भरडाई, हमाली, टेम्पोभाडं, दुकानदाराचा नफा अजून बाकीच. रुपया घसरला तर म्यानमारच्या यांगूनमध्ये भाव जागचा न हलताही इथे डाळ चढते.

निर्यात होते ती आयातीपुढे किरकोळ. पाकिटावरचं ‘एक्स्पोर्ट क्वालिटी’ मात्र बहुतेक वेळा इथल्याच गिऱ्हाइकासाठी छापलेलं असतं.