कानाचा ठणका आणि ‘दोन दिवसांनी दाखवा’

दिवसभर सर्दीनं किरकिरणारं मूल रात्री एकच्या सुमारास कान धरून किंचाळत उठतं. घरात लसणाचं तेल कोमट होतं. सकाळी डॉक्टर कानात डोकावतात, पॅरासिटामॉल लिहितात आणि म्हणतात, ‘दोन दिवसांनी दाखवा.’ अँटिबायोटिक दिलंच नाही म्हणून रात्रभर जागलेल्या आईबापांचा जीव खालीवर होतो. त्यांची काळजी मला पूर्ण कळते. पण या दोन दिवसांमागे बराच इतिहास आहे.

ठणका आणि वाहणारा कान आपल्याला नवे नाहीत. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात २८ कर्णरोग दिले आहेत, त्यांत कर्णशूल आणि कर्णस्राव आहेत. नाकामागून मधल्या कानाकडे जाणाऱ्या नळीचं वर्णन इटलीच्या युस्टाशी यांनी १५६२च्या सुमारास केलं. लहान मुलांत ही नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते. सर्दीनं ती सुजली की मधल्या कानात पाणी साठतं, त्यात जंतू वाढतात, पडदा ताणला जातो. तो फाटून पू बाहेर आला की मूल अचानक शांत झोपतं आणि उशीवर पिवळा डाग दिसतो. यालाच आपण ‘कान फुटला’ म्हणतो.

खरी अडचण होती पडदा नीट बघण्याची. कानात उजेड पाडून भोकातून आत बघता यावं म्हणून मधोमध भोक असलेला आरसा जर्मनीत हॉफमन यांनी १८४१ मध्ये वापरला. सीगल यांनी १८६४ मध्ये कानात हलकी हवा सोडून पडदा हलतो का, हे पाहण्याची सोय केली. आजही निदानाची मेख इथेच आहे. रडून रडून पडदा नुसताच लाल होऊ शकतो. तो बाहेर फुगलेला आहे का आणि हवेनं हलतो का, हे बघावं लागतं.

अँटिबायोटिकपूर्व काळात पू कानामागच्या हाडात, तिथून मेंदूपर्यंत जाई आणि मुलं दगावत. श्वार्ट्झे यांनी हे हाड उघडून पू काढण्याची शस्त्रक्रिया १८७३ मध्ये रूढ केली. पडद्याला चीर देणंही नेहमीचं होतं. मग पेनिसिलीन आलं आणि ही भीती बरीच ओसरली. साहजिकच कान दुखला की अँटिबायोटिक, अशी सवय पडली.

या सवयीला धक्का दिला नेदरलँड्सनं. तिथल्या व्हान बुखेम यांनी १९८१ मध्ये १७१ मुलांचा अभ्यास छापला. काहींना अँटिबायोटिक, काहींना चीर, काहींना दोन्ही, काहींना यातलं काहीच नाही. निकालात लक्षणीय फरक दिसला नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं २००४ मध्ये निवडक मुलांत थांबून पाहण्याची मुभा दिली आणि २०१३ मध्ये निदानाचे निकष कडक केले.

थांबायचं ते वेदनाशामक देऊन आणि ४८ ते ७२ तासांत पुन्हा तपासण्याच्या बोलीवर. सहा महिन्यांखालचं बाळ, मोठा ताप, असह्य ठणका, वाहणारा कान किंवा दोन वर्षांआतल्या मुलाच्या दोन्ही कानांत संसर्ग असेल तर अँटिबायोटिक लगेच सुरू करतात, बहुधा अमॉक्सिसिलिन. कानामागे सूज येऊन कान पुढे आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. आणि तेल नको: पडदा फाटलेला असेल तर ते थेट मधल्या कानात उतरतं.