अल्पमुदतीचा अपंगत्व विमा आणि आधीपासूनचे आजार

आजारपण, शस्त्रक्रिया, बाळंतपण किंवा कामाबाहेरचा अपघात यांमुळे काही आठवडे कामावर जाता आले नाही, तर बुडालेल्या पगाराचा काही भाग भरून देणारा अमेरिकेतील विमा. बोलीत ‘शॉर्ट टर्म डिसॅबिलिटी’. दवाखान्याचे बिल तो भरत नाही, ते काम आरोग्य विम्याचे. कामावर झालेल्या इजेसाठीही कामगार भरपाईची वेगळी व्यवस्था आहे. पहिले ७ ते १४ दिवस सोडून पुढे साधारण ३ ते ६ महिने पगाराच्या ६० टक्क्यांच्या आसपास रक्कम मिळते. ऱ्होड आयलंडने १९४२ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने १९४६ मध्ये कायद्यानेच अशी योजना लागू केली. न्यू जर्सी, न्यू यॉर्क आणि हवाई ही राज्ये त्यामागून आली. अलीकडे आणखी काही राज्यांनी सवेतन वैद्यकीय रजेचे कायदे केले आहेत. इतरत्र सगळी भिस्त मालकाने दिलेल्या किंवा स्वतः हप्ते भरून घेतलेल्या पॉलिसीवर असते.

आधीपासूनच्या आजाराचे कलम मुख्यतः या खासगी पॉलिसींत भेटते, आणि गल्लत होते तीही इथेच. २०१० च्या आरोग्यसेवा कायद्यामुळे २०१४ पासून आरोग्य विमा कंपन्यांना जुन्या आजाराचे कारण दाखवून विमा नाकारता येत नाही. हे संरक्षण पगाराच्या विम्याला लागू नाही. त्यामुळे एकाच शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विमा निमूटपणे देतो आणि त्याच शस्त्रक्रियेनंतरच्या सुट्टीचा दावा मात्र फेटाळला जातो.

कलमाचा सगळा खेळ तारखांचा असतो. ‘३/१२’ या प्रचलित रचनेत पॉलिसी सुरू होण्याआधीचे ३ महिने तपासले जातात. त्या काळात ज्या आजारासाठी सल्ला, तपासणी किंवा औषध घेतले असेल, त्यामुळे पहिल्या १२ महिन्यांत काम थांबले तर भरपाई नाही. समजा, पॉलिसी १ जानेवारीला सुरू झाली आणि कंबरदुखीसाठी नोव्हेंबरमध्ये डॉक्टरांना दाखवले होते. मे महिन्यात मणक्याची शस्त्रक्रिया झाली तर हात रिकामे. पुढच्या फेब्रुवारीत झाली तर हे कलम आड येत नाही. दुखणे किती जुने, याला इथे फारशी किंमत नाही. जुन्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तीच गोळी पुन्हा आणली, तरी तो उपचारच धरला जातो. काही पॉलिसींत तर, शहाण्या माणसाने डॉक्टर गाठला असता अशी लक्षणे असली तरी पुरते, मग निदान झालेले नसले तरी चालते. आजारी पडल्यावर विमा घेणाऱ्यांना रोखण्याचा कंपन्यांचा हेतू रास्त आहे, पण ही शेवटची अट विमेदारावर अन्याय करणारी वाटते.

वगळला जातो तो आजार, माणूस नव्हे. मधुमेह्याचा पाय अपघातात मोडला तर भरपाई मिळायला हवी; जखम मधुमेहामुळे चिघळली की वाद सुरू होतो, कारण अनेक पॉलिसींत त्या आजाराने ‘हातभार लावला’ एवढेही नकाराला पुरेसे असते. काही योजना पूर्ण नकार न देता मोजक्या आठवड्यांचीच भरपाई देतात. मालकाने विमा कंपनी बदलल्यास आधीच्या विम्याचा काळ बहुधा जमेस धरला जातो.

गर्भारपणाची कथा वेगळी आहे. जनरल इलेक्ट्रिकच्या अशा योजनेत २६ आठवड्यांपर्यंत पगाराच्या ६० टक्के रक्कम मिळे, पण गर्भारपण वगळलेले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये तो लिंगभेद नसल्याचे ठरवले. संसदेने १९७८ मध्ये कायदा करून तो निर्णय निष्प्रभ केला. वैयक्तिक पॉलिसीत मात्र पॉलिसीआधी राहिलेला गर्भ आजही बहुधा आधीपासूनची अवस्था मानला जातो. दावा मान्य झाल्यास साध्या बाळंतपणाला सहसा ६ आणि सिझेरियनला ८ आठवडे धरतात.

खासगी मालकाच्या बहुतेक विमा योजना १९७४ च्या केंद्रीय कायद्याखाली येतात. तिथे दावा नाकारताना कोणत्या कलमाखाली नाकारला ते लेखी कळवावे लागते आणि अपिलासाठी किमान १८० दिवस द्यावे लागतात. अपिलात उपयोगी पडतो तो डॉक्टरांचा तारीखवार कागद: तपासल्या जाणाऱ्या काळातली भेट नेमकी कशासाठी होती, आणि आताच्या दुखण्याशी तिचा संबंध आहे की नाही.