यॉर्कशायर दिन

यॉर्कशायर दिन : इंग्लंडच्या उत्तर भागातील यॉर्कशायर या ऐतिहासिक काउंटीचा वारसा, बोली आणि चालीरीती यांच्या गौरवार्थ दरवर्षी १ ऑगस्ट रोजी साजरा होणारा दिवस. आज त्याला जत्रेचे रूप आले असले, तरी त्याचा उगम एका निषेधात आहे.

यॉर्कशायर हा आकाराने इंग्लंडमधील सर्वांत मोठा परगणा. उत्तर, पूर्व आणि पश्चिम असे त्याचे तीन ‘रायडिंग’ होते. हा शब्द ‘तिसरा हिस्सा’ या अर्थाच्या जुन्या नॉर्स शब्दावरून आला असून घोडेस्वारीशी त्याचा काही संबंध नाही. आपल्याकडील ‘तिजाई’चीच ही कल्पना. स्थानिक शासनाच्या पुनर्रचनेसाठी झालेल्या १९७२ च्या कायद्यानुसार १ एप्रिल १९७४ रोजी ही विभागणी मोडण्यात आली. हल आणि बेव्हर्ली ही शहरे हंबरसाइड नावाच्या नव्या काउंटीत गेली, मिडल्झबरो क्लीव्हलंडमध्ये, तर सॅडलवर्थची गावे चक्क ग्रेटर मँचेस्टरमध्ये, म्हणजे पिढ्यानपिढ्यांच्या प्रतिस्पर्धी लँकेशायरच्या बाजूला, गेली. याविरुद्ध यॉर्कशायर रायडिंग्ज सोसायटीने १९७५ मध्ये बेव्हर्ली येथे पहिला यॉर्कशायर दिन पाळला. हंबरसाइड आणि क्लीव्हलंड या दोन्ही काउंट्या १९९६ मध्ये रद्द झाल्या. सॅडलवर्थ मात्र परत आले नाही, तरी तेथेही हा दिवस पाळला जातो.

तारखेमागे १७५९ मधील मिंडेनची लढाई आहे. जर्मनीतील या लढाईत लढलेल्या यॉर्कशायरच्या पलटणीतील सैनिकांनी वाटेवरच्या झुडपांवरील पांढरे गुलाब, म्हणजे यॉर्कशायरचे चिन्ह, तोडून टोप्यांत खोवले, अशी परंपरागत कथा आहे. गंमत अशी की, लँकेशायरची एक पलटणही याच लढाईची आठवण म्हणून याच दिवशी टोपीला गुलाब लावत असे. १ ऑगस्ट १८३४ रोजी ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद करणारा कायदा अमलात आला. त्यासाठी आयुष्यभर झटलेले विल्यम विल्बरफोर्स हे हलचे रहिवासी आणि यॉर्कशायरचे संसद सदस्य असल्यामुळे तारखेला हाही संदर्भ जोडला जातो.

या दिवशी यॉर्क शहराच्या जुन्या वेशींपाशी ‘अखंडतेचा जाहीरनामा’ मोठ्याने वाचला जातो. तिन्ही रायडिंगांसाठी एकेकदा आणि खुद्द यॉर्क शहरासाठी एकदा, असे त्याचे चार वेळा वाचन होते. रायडिंगांतील प्रत्येक ठिकाणाचा पत्ता यॉर्कशायर हाच आहे आणि हे जाणूनबुजून नाकारणाऱ्याचा यॉर्कशायरपणावर हक्क उरत नाही, असे त्यात बजावलेले असते. याखेरीज दरवर्षी वेगळ्या गावी निरनिराळ्या नगरांचे महापौर गळ्यात पदाच्या साखळ्या घालून मिरवणुकीने चालतात. निळ्या पार्श्वभूमीवर पांढरा गुलाब असलेला ध्वज उभारला जातो; त्याची अधिकृत नोंद २००८ मध्ये झाली. घरोघरी यॉर्कशायर पुडिंग होते. नाव पुडिंग असले, तरी हा गोड पदार्थ नव्हे. मैदा, अंडी आणि दूध यांचे सरसरीत मिश्रण कडकडीत तापलेल्या चरबीत ओतून भट्टीत फुगवतात आणि मांसाच्या रश्शाबरोबर खातात. सपाट टोपी आणि शिकारी कुत्रा एवढ्यावरच यॉर्कशायरची ओळख संपवली जाते, अशी टीकाही या सोहळ्यावर होते व ती अगदीच अनाठायी नाही.

जन्मभूमीचा हा आग्रह क्रिकेटमध्ये सर्वांत कडवा होता. काउंटीच्या हद्दीत जन्मलेल्यांनीच यॉर्कशायरकडून खेळावे, असा दंडक तेथील क्लबने दीर्घकाळ पाळला. तो शिथिल झाल्यावर १९९२ मध्ये संघात आलेला पहिला परदेशी खेळाडू होता मुंबईचा एकोणीस वर्षांचा सचिन तेंडुलकर.