खोकं धड, गिटार मोडकी

कुरिअरने गिटार मागवणाऱ्यांकडून एक तक्रार वरचेवर ऐकू येते. खोक्याला साधा पोचा नाही, आतली कडक केस धडधाकट, आणि केस उघडावी तर गिटारचं डोकं, म्हणजे खुंट्यांचं टोक, मानेपासून तुटून तारांना लोंबकळतंय. पाठवणारा शपथेवर सांगतो की मी धड पाठवली होती. कुरिअरवाला म्हणतो, खोकं बघा, आमच्याकडे काही झालेलंच नाही. घेणाऱ्याची खात्री पटते की दोघांपैकी एक जण थापा मारतोय. पण दोघंही खरं बोलत असणं अगदी शक्य आहे.

तुटायचं म्हणजे काहीतरी लागलं पाहिजे, असं आपण धरून चालतो. गिटारचं डोकं तुटायला त्याला कशाचा स्पर्शही व्हावा लागत नाही. खोकं पाठीवर पडतं, जमिनीला टेकून थांबतं. केस थांबते. केसमध्ये घट्ट बसलेला गिटारचा देहही थांबतो. डोकं मात्र केसमध्ये अधांतरी असतं, त्याच्या खाली आधार नसतो. शाळेत शिकलेल्या जडत्वाच्या नियमाप्रमाणे ते खाली जातच राहतं. त्याला थांबवायचं काम एकट्या मानेवर येऊन पडतं, तेही मान जिथे सर्वांत बारीक असते तिथे.

ही जागा किती नाजूक असते, हे बघायला गिब्सन कंपनीची लेस पॉल गिटार घेऊ. १९५२ साली बाजारात आलेल्या या गिटारचं डोकं मागे १७ अंशांत कललेलं असतं. त्यामुळे तारा नटवर, म्हणजे मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीवर, नीट दाबून बसतात. पण मान आणि डोकं महोगनीच्या एकाच तुकड्यातून कापलेलं असतं. लाकडाचे तंतू मानेत सरळ धावतात आणि डोकं जिथे कलतं तिथे तिरके कापले जातात. तंतूंच्या दिशेने ओढलं तर लाकूड दांडगं असतं. आडवं ओढलं तर त्याची ताकद दहा पटींहून जास्त घटते. मधल्या तिरक्या कोनांसाठी १९२१ साली हँकिन्सन या अमेरिकन अभियंत्याने एक सूत्र दिलं, विमानांत तेव्हा लाकूड वापरत म्हणून. त्यात १७ अंश घातले तर ताकद निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येते. भरीत भर म्हणजे मान सरळ ठेवणाऱ्या आतल्या लोखंडी सळईचा पेच फिरवण्यासाठी नेमकं इथेच लाकूड कोरून काढलेलं असतं. कंपनीलाही हे ठाऊक होतं. १९६० च्या दशकाच्या मध्यावर तिने कोन १४ अंशांवर आणला आणि दशकाच्या अखेरीस मानेच्या मागे लाकडाचा उंचवटा ठेवायला सुरुवात केली. पुढे दोन्ही बदल मागे घेतले, कारण गिऱ्हाइकांना जुनंच रूप हवं होतं! फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारला (१९५४) ही अडचणच नाही. तिचं डोकं कललेलं नसतं, मान मेपलची असते आणि चार स्क्रूंनी बसवलेली असते. स्क्रू काढा, मान वेगळी गुंडाळा, पाठवून द्या.

आता आकड्यांकडे येऊ, कारण खरी मौज तिथे आहे.

खोकं एक मीटरवरून पडलं तर जमिनीला टेकताना त्याचा वेग सेकंदाला साधारण ४.४ मीटर, म्हणजे ताशी १६ किलोमीटर असतो. हा वेग शून्यावर यायला किती अंतर मिळतं, यावर सगळं ठरतं. पडण्याच्या उंचीला थांबण्याच्या अंतराने भागलं की गुरुत्व त्वरणाच्या किती पट झटका बसला ते सरासरीने कळतं. अस्तर पातळ असलेली कडक केस फरशीवर दोन मिलीमीटरमध्ये थांबली, तर १००० भागिले २, म्हणजे ५०० पट. खुंट्यांसकट डोक्याचं वस्तुमान ४०० ग्रॅम धरलं, तर त्या क्षणी मानेच्या बारीक जागेवर २०० किलोचा भार येतो. तेच थांबायला पाच सेंटिमीटर मिळाले तर झटका २० पट, भार आठ किलो. उंची तीच आणि वेगही तोच.

म्हणून 'मिलिटरी ग्रेड' असं छापलेल्या महागड्या केसच्या जाहिराती वाचताना मला हसू येतं. कडक कवच गिटारला टोचण्यापासून, वर दुसरी खोकी रचली तर चेंगरण्यापासून वाचवतं, आणि ते हवंच. झटका मात्र ते इमानदारीने आतपर्यंत पोचवतं.

मग खोक्याच्या तळाला थर्माकोलचा जाडजूड पत्रा घातला की झालं? नाही, आणि हा भाग मला फार आवडतो. साध्या थर्माकोलला चिरडायला दर चौरस सेंटिमीटरला ढोबळमानाने एक किलोचा भार लागतो. केससकट गिटार सात किलोची धरा. केसचा तळ ११० गुणिले ४०, म्हणजे ४४०० चौरस सेंटिमीटर. एवढा सगळा थर्माकोल दबायचा तर ४४०० किलोचा भार हवा, म्हणजे झटका सहाशे पटींच्या वर गेला पाहिजे. तोवर पत्रा ढिम्म हलत नाही. फरशीवर पडलं काय आणि पूर्ण पत्र्यावर पडलं काय, गिटारला विशेष फरक पडत नाही. आता उलटा हिशेब करा. झटका २० पटींवर ठेवायचा तर भार ७ गुणिले २०, म्हणजे १४० किलो. तेवढ्यासाठी थर्माकोल हवा फक्त १४० चौरस सेंटिमीटर, म्हणजे सहा बाय सहा सेंटिमीटरचे चार ठोकळे. ठोकळे लहान पण उंच हवेत. थर्माकोल निम्म्यापर्यंत दबला की पुढे दगड होतो, म्हणून पाच सेंटिमीटर थांबायला दहा सेंटिमीटर उंची धरायची. केसच्या सहाही बाजूंना असे ठोकळे लावले तर खोकं बरंच मोठं होतं आणि कुरिअरचा दर वाढतो. त्याला इलाज नाही. शिवाय थर्माकोल एकदाच चिरडतो, दुसऱ्या आपटीला तो कामाचा नाही. लवचिक फोम त्यासाठीच बरा, पण त्याचं गणित वेगळं. मिरजेच्या तंबोऱ्याचं दुखणंही वेगळं. तिथे भोपळ्याची कवची पातळ असते, त्यामुळे भोपळ्याला थेट टेकणारा आधार पसरटच हवा.

एक बारकावा राहिला. मघाचे २०० किलो जसेच्या तसे मानेला बसत नाहीत, कारण मान थोडी लवते आणि डोक्याला स्वतःची नैसर्गिक वारंवारिता, म्हणजे धक्का बसला की डोलण्याची ठरलेली गती, असते. दोन मिलीमीटरमध्ये थांबताना झटका एक मिलिसेकंदाहून कमी टिकतो. डोकं त्यापेक्षा संथपणे डोलत असेल तर प्रत्यक्ष ताण कमी भरतो. पाच सेंटिमीटरमध्ये थांबताना झटका २२ मिलिसेकंद टिकतो, आणि झटक्याचा काळ डोक्याच्या एका आंदोलनकाळाच्या जवळपास आला तर प्रतिसाद वाढतो. अर्ध्या साइन लहरीसारख्या झटक्याला ही वाढ जास्तीत जास्त पावणेदोन पटीच्या आसपास असते. तेव्हा आठ किलोचे चौदा झाले, इतकंच. हा परिच्छेद डोक्यावरून गेला तरी पॅकिंगमध्ये काही बिघडत नाही.

केसच्या आत मात्र बाहेरच्या नेमकं उलट धोरण हवं. बाहेर जागा सोडायची, आत मुळीच सोडायची नाही. नटच्या जरा अलीकडे मानेखाली कापडाची घडी, डोक्याच्या मागे आणि दोन्ही अंगांना चुरगळलेला कागद. भरताना डोकं वर ढकललं जाता कामा नये, कागद नुसता टेकला पाहिजे. देहाच्या बुडाशीही फट ठेवू नका. नाहीतर खोकं उभं पडलं की गिटार लांबीने घसरते आणि डोक्याचं टोक केसवर जाऊन आदळतं.

तारांबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात: सगळ्या काढून टाका, किंवा हातच लावू नका. अकूस्टिक गिटारच्या सहा तारा मिळून सुमारे ७० किलोच्या ताणाने डोकं पुढे ओढत असतात. पडताना झटका त्याच दिशेने बसला की दोन्हींची बेरीज होते. तारेचा सूर ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून इथे कानच मोजपट्टी होतात. तार 'सा' वरून खालच्या 'प' वर आणली की वारंवारिता तीन चतुर्थांश होते आणि ताण नऊ सोळांश, म्हणजे निम्म्याहून थोडा जास्त उरतो. एवढं उतरवलेलं पुरे. पार मोकळ्या सोडल्या तर मानेतली सळई उलट बाजूला मान वाकवायला मोकळी होते.

खोक्यावर 'फ्रजाइल' आणि काचेच्या पेल्याचं चित्र चिकटवणं म्हणजे ट्रकला लिंबू-मिरची बांधणं. बांधा हवं तर, पण पट्ट्यावरून घसरत येणारं खोकं कोणी वाचत नसतं.

परदेशी पाठवताना हवेचाही हिशेब करावा लागतो. मुंबईच्या दमट हवेत राहिलेल्या गिटारच्या लाकडात १४ टक्क्यांच्या आसपास ओल असते. टोरांटोला मुलाकडे जानेवारीत पाठवलीत, तर हीटर लावलेल्या घरात ती पाच टक्क्यांपर्यंत उतरू शकते. गिटारच्या दर्शनी बाजूचा स्प्रूस लाकडाचा ४० सेंटिमीटर रुंद पत्रा मोकळा असता तर एवढ्याने चार-पाच मिलीमीटर आक्रसला असता. चहूबाजूंनी चिकटवलेला असल्यामुळे तो आक्रसू शकत नाही, मग तडकतो. केस प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून आत आर्द्रता राखणारी पुडी टाकावी, आणि पोचल्यावर दिवसभर न उघडता खोलीत ठेवावी. थंडगार केस एकदम उघडली की जुन्या लॅकरला बारीक भेगा पडतात.

आणि शिसवाचा कागद. गिटारच्या पाठीला आणि बोटपट्टीला आपल्याकडचं शिसव जगभर वापरतात. २ जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या डाल्बर्जिया वंशातली जवळजवळ सगळी झाडं, दुर्मिळ वन्य जीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे परवाना लागणाऱ्या यादीत, गेली आणि वाद्यं पाठवणाऱ्यांची त्रेधा उडाली. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझिलियन रोझवुड १९९२ पासून पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक, परिशिष्टात आहे, त्याला ही सूट नाही. म्हणून बिलावर नुसतं 'रोझवुड' लिहू नका, 'डाल्बर्जिया लॅटिफोलिया' असं प्रजातीचं पूर्ण नाव लिहा.